मोहोळमध्ये फिरायला आहेच काय?

हॉस्टेलवर नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न विचारतोच. पुण्याला अॅडमिशन मिळालेला मित्र सिंहगडाचे फोटो पाठवतो, कोल्हापूरवाला रंकाळ्याचे, सातारावाला अजिंक्यताऱ्याचे. आणि आपण? स्टँडसमोरचा चहा, नागनाथाचं मंदिर, हायवेवरचा ढाबा. झालं मोहोळ! मग रविवारी करायचं काय? मेसची फीस्ट हाणायची, मोबाईल छातीवर ठेवून झोपायचं आणि संध्याकाळी उठून ‘बोअर होतंय बे’ म्हणायचं. (हा ‘बे’ सोलापूरनं आपल्याला फुकटात दिलाय. सुट्टीत तो घरी न्यायचा आणि आईची बोलणी खायची.)

पण मित्रांनो, खरं सांगू का? आपल्या गेटपासून तासभर चालत गेलं की जे लागतं, ते सिंहगडाच्या पायथ्याला लागत नाही. त्याचं नाव माळ. डोंगर नाही, धबधबा नाही, झाडी नाही. नुसतं गवत, मुरूम आणि आभाळ. आमच्या विंगमधल्या एकानं पहिल्यांदा बघून विचारलं, “हे कधी डेव्हलप होणार?” तर तो डेव्हलपच आहे. गवत, टोळ, सरडे, चंडोल, खोकड, लांडगा अशी ती सगळी यंत्रणा व्यवस्थित चालू असते. फक्त तिला कंपाउंड आणि बोर्ड नाही, म्हणून सरकारी कागदावर ‘पडीक’ आणि आपल्या लेखी रिकामं.

हाच सोलापुरी माळ एका पक्ष्यासाठी सगळ्या देशात नावाजला गेला. माळढोक! मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा, उडणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. नान्नजच्या माळावर तो आहे हे 1970 च्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांच्या नजरेला आणून दिलं, आणि 1979 साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर असे दोन जिल्हे मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात शेतं आली, गावं आली, आपला मोहोळ तालुकाही आला. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले, आणि पुढे क्षेत्र कमी करत करत ते साधारण 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. दरम्यान पक्षीही कमी होत गेला. 2011 साली त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली. आज देशात मोकळे माळढोक दीडशेच्या आतबाहेर, तेही बहुतेक राजस्थानात. नान्नजला आता एखादा दिसला तरी बातमी होते.

इलेक्ट्रिकलवाल्यांनी पुढचं जरा लक्ष देऊन वाचावं. हा पक्षी मरतो तो बऱ्याचदा विजेच्या तारांना धडकून. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असल्यामुळे समोरचं नीट दिसत नाही, आणि एवढं वजन असल्यामुळे ऐनवेळी वळताही येत नाही. राजस्थान-गुजरातमधल्या अशा तारा जमिनीखाली घ्या, असा आदेश सुप्रीम कोर्टानं एप्रिल 2021 मध्ये दिला. मग सोलर प्रकल्पांचं काय, खर्च किती, हाय व्होल्टेज केबल एवढ्या अंतरावर पुरता येते का, असे प्रश्न उभे राहिले आणि 2024 मध्ये कोर्टानं तो आदेश शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. आपण ट्रान्समिशन लाईनचा सॅग काढतो तेव्हा त्या तारेच्या उंचीवरून कोण उडतंय हा प्रश्न पेपरात येत नाही. माळावर चालताना तो आपोआप येतो.

आता फायद्याचं बोलू, कारण इंजिनिअरला ‘याचा उपयोग काय’ हे आधी लागतं. 2008 साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांवरच एक साधा प्रयोग केला. आकडे ऐकवायचे आणि उलट क्रमानं म्हणायला लावायचे. मग पन्नासेक मिनिटं चालायला पाठवायचं, एकदा झाडांच्या बागेतून आणि एकदा शहरातल्या रहदारीतून. परत आल्यावर पुन्हा आकडे. बागेतून आलेल्यांचे आकडे सुधारले, रहदारीतून आलेल्यांचे फारसे नाही. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीत, चालायला मजा येत नव्हती तेव्हासुद्धा, बागेचा फायदा झालाच! म्हणजे ‘मला निसर्गाची आवड नाही’ ही सबब चालत नाही. आपल्याकडे बाग नसून माळ आहे, त्यामुळे निकाल तसाच लागेल असं छातीठोक सांगत नाही. पण रात्री तीनला झोपून अकराला उठणाऱ्या मुलानं सहा आठवडे सकाळचं ऊन अंगावर घेतलं की त्याची झोप रुळावर येते, हे आमच्या मजल्यावर सगळ्यांनी पाहिलंय. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ लागतं, त्याला कुठलं अॅप लागत नाही.

हे सगळं ठीक. पण मग आपल्या हॉस्टेलवर फिरायला बंदी का होती? कारण नवीन मुलांना माहीत नसेल म्हणून सांगतो. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात दुसऱ्या एका कॉलेजची चार मुलं कालव्यावर पोहायला गेली आणि तीनच परत आली. त्या आठवड्यात आपल्याकडे नोटीस लागली: कॉलेज आणि बाजार सोडून कुठेही जायचं नाही. रेक्टर सरांवर आम्ही तेव्हा खूप चिडलो. पण रात्री दहाला हजेरी घेणाऱ्या माणसाच्या डोळ्यासमोर काय येत असेल याचाही विचार करायला हवा. त्या मुलाच्या वडिलांना फोन कुणी केला असेल? तोही एक रेक्टरच.

म्हणून पाण्याबद्दल स्पष्ट बोलतो. आपल्या भागात धोका उंचीचा नाही, पाण्याचा आहे. उजनीच्या कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी संथ वाहतंय असं वाटतं. पण फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण काय शिकलो? वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट. वर दोन्ही बाजूंनी उतरतं काँक्रीट, त्यावर शेवाळ. पट्टीचा पोहणारासुद्धा काठाला येतो, पण वर चढू शकत नाही. शेततळ्याचं तेच. प्लॅस्टिकचं अस्तर ओलं झालं की हाताला काही लागतच नाही. भीमा आणि सीनेच्या पात्रात वाळू काढलेले खड्डे असतात; गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल दोन पुरुष खोल जातं. कुणी पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरी, पंचा, ओढणी, रिकामा कॅन, जे असेल ते टाकायचं आणि गावातल्या माणसाला हाक मारायची. एकामागे एक बुडाल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो.

बाकीचे धोके त्या मानानं सरळ आहेत. मे महिन्यात पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा साडेआठच्या आत परत. साखर कारखान्यांच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा तर सोडाच, रिफ्लेक्टरही नसतो. म्हणून अंधारात डांबरी रस्ता टाळायचा, आणि चालावंच लागलं तर समोरून येणारं वाहन दिसेल अशा उजव्या कडेनं. गवतात बूट आणि फुल पँट. साप चावला तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक तर नाहीच. चावलेला अवयव हलू न देता 108 ला फोन आणि सरळ सरकारी दवाखाना. लस तिथेच मिळते.

आपल्याला माळापासून धोका आहे, तसा माळालाही आपल्यापासून आहे. हे मला एका धनगर बाबांनी शिकवलं. मार्चअखेरची सकाळ होती. आम्ही पाच जण बडबडत चाललेलो, तेवढ्यात मेंढरांमागून आवाज आला, “ए पोरांनो, पाय बघून टाका रं! टिटवीनं अंडी घातल्यात तितं.” आम्ही जागीच थांबलो. काही दिसेना. बाबा जवळ आले, काठीनं लांबूनच दाखवलं. खड्यांमध्ये खड्यांसारखीच चार अंडी, घरटं म्हणून नाव नाही. आमच्यापैकी एकानं फोटोसाठी मोबाईल काढला, तर म्हणाले, “लई येळ थांबू नगा. ती आली न्हाई तर उन्हानं शिजत्यात.” एवढं बोलून मेंढरं वळवून गेले. माळावरचे कितीतरी पक्षी असेच जमिनीवर अंडी घालतात. माळढोकही, आणि तो तर बहुधा एकच. एक बाईक पायवाट सोडून गवतात घातली की काय काय चिरडतं याचा हिशोब कुणी ठेवत नाही.

तेव्हापासून आमच्या ग्रुपचे काही कायदे आहेत. पायवाट सोडायची नाही. स्पीकर नाही. मोबाईलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलवायचं नाही. विणीच्या दिवसांत बिचारा पिल्लं सोडून भांडायला येतो. वाळल्या गवतात सिगारेट किंवा शेकोटी अजिबात नाही. एका ठिणगीनं शेतकऱ्याचा वर्षाचा चारा जातो. कुरकुऱ्याचं पाकीट खिशातून परत. शेतातून जायचं तर मालकाला विचारून, आणि हरभऱ्याचा डहाळा ‘दोनच’ म्हणूनही उपटायचा नाही. अभयारण्यात जायचं तर वनखात्याची परवानगी काढून.

आणि एक गोष्ट, जी काही सरांना आवडणार नाही. आपण एन.एस.एस.च्या कॅम्पला माळावर खड्डे खणून झाडं लावतो. हेतू चांगला आहे, पण माळावर झाडी दाट झाली की गवतावर जगणाऱ्यांची जागाच जाते. झाडं जरूर लावू या, गावात, शाळेत, रस्त्याकडेला, हॉस्टेलच्या मागे (तिथे सध्या फक्त वाळत घातलेले टॉवेल आहेत). माळाला माळ राहू द्यावं.

हे सगळं लिहून आम्ही मागच्या सप्टेंबरमध्ये रेक्टर सरांना अर्ज दिला. नुसतं ‘परवानगी द्यावी’ असं नाही. कमीत कमी चार जण, गेटवर रजिस्टर, कुठली वाट आणि परत यायची वेळ लिहून, दोन फोन नंबर, पाण्यात उतरणार नाही अशी प्रत्येकाची सही. उशीर झाला तर पुढचे दोन रविवार त्या ग्रुपला बंद. सरांनी तीन दिवस अर्ज ठेवून घेतला. चौथ्या दिवशी बोलावून एकच विचारलं, “तुमच्यात फर्स्ट एड कुणाला येतं?” कुणालाच येत नव्हतं. मग आधी त्याचं एका दिवसाचं ट्रेनिंग झालं आणि त्यानंतर सही मिळाली. तेव्हापासून रजिस्टरमध्ये एकवीस रविवार भरलेत. एकदाही शेरा नाही.

मुलींच्या हॉस्टेलनं याच नमुन्यात अर्ज दिला, त्याला आता चार महिने झाले. तो अजून ‘विचाराधीन’ आहे. त्या सकाळी टेरेसवर गोल गोल चालतात. त्यांच्या अर्जात आमच्यापेक्षा दोन अटी जास्त आहेत आणि त्यांच्यातल्या तिघींनी फर्स्ट एडचं ट्रेनिंग आमच्या आधी केलंय, एवढंच संबंधितांच्या नजरेस आणून देतो.

पुढचा रविवार: सकाळी साडेपाच, मेन गेट. पाण्याची बाटली आपापली. चहा परत आल्यावर, वर्गणी काढून.