सराफ्यातला द्रोण, सियागंजातली पिशवी

इंदुरास आलेल्या पाहुण्याला दिवसा राजवाडा, लालबाग आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या दाखवाव्यात व रात्री सराफ्यात न्यावे, हा येथील मराठी कुटुंबांचा जुना परिपाठ आहे. पाहुणा खाण्याकडे पाहतो आणि यजमान पाहुण्याच्या चेहऱ्याकडे. पदार्थ ज्यात वाढलेला असतो, त्या वस्तूकडे मात्र दोघांपैकी कोणाचेच लक्ष नसते. गेल्या हिवाळ्यात आम्ही नेमके तेच पाहावयाचे ठरवून बाहेर पडलो. निमित्त तसे घरगुतीच होते. आमच्या परिचयातील एक बाई मेतकूट, जिरावण, शेव, चिवडा असे जिन्नस घरी करून विकतात. दिवाळीत त्यांचा माल पुण्या-बंगळूरपर्यंत जातो. एका गिऱ्हाइकाने "तुमची पिशवी नियमात बसते का हो?" असे सहज विचारले आणि तेव्हापासून त्यांच्या मनाला घोर लागला. "कायदा पाळायचाच आहे," त्या म्हणाल्या, "पण तो काय सांगतो ते तरी नीट कळू दे. प्रत्येक दुकानदार निराळेच सांगतो." त्यांना बरोबर घेऊनच हा फेरफटका झाला.

सराफा दिवसा सोन्याचांदीचा. रात्री नऊच्या सुमारास पेढ्यांचे दरवाजे ओढले जातात आणि त्याच ओट्यांवर शेगड्या पेटतात. भुट्ट्याचा कीस, साबुदाण्याची खिचडी, हातभर रुंद जलेबा, आणि थंडीचे दिवस म्हणून तुपात तळलेले गराडू. त्या रात्री आम्ही खाण्याइतकेच हातांतल्या पात्रांकडे पाहत होतो. कोठे पानांचे द्रोण, कोठे उसाच्या चोयट्यांपासून दाबून केलेल्या पांढुरक्या ताटल्या, कोठे कागदी वाट्या, तर एखाद्या जुन्या दुकानात स्टीलच्या बशा. २०२२ च्या १ जुलैपासून एकदा वापरून फेकावयाच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, काटे, नळ्या यांस देशभर बंदी झाली. मिठाईच्या खोक्याभोवती गुंडाळतात तो पातळ पारदर्शक पापुद्राही त्याच यादीत आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

माळव्यात पानांच्या द्रोणाला नव्याने शिकवावे लागले नाही. पळसाला इकडे खाकरा म्हणतात. त्याची पाने चोयांनी टाचून केलेले दोने आणि पत्तल लग्नकार्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आले. मध्यंतरी चांदीसारख्या चकाकणाऱ्या कागदाचे द्रोण आले आणि त्यांनी पानांना मागे सारले. तो कागद दिसावयास कागद. पण त्याच्यावर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर त्यातून रस्सा पाझरत नाही. चहाच्या कागदी पेल्याचीही तीच कथा. बाईंनी असा एक द्रोण नखाने खरवडून पाहिला. वरची साल अलगद सुटून आली, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अस्सं!"

सराफ्यातून निघताना आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. येथे पदार्थाला कढईपासून तोंडापर्यंत फार तर चार पावलांचा प्रवास करावयाचा असतो आणि पाच मिनिटे टिकावयाचे असते. एवढ्यासाठी पान पुरते. धुतलेली बशी तर उत्तमच. वेष्टनाचा प्रश्न मुळात अंतराचा आणि दिवसांचा आहे. अंतर वाढले की पान हरते. तो वाढीव प्रवास जेथून सुरू होतो, त्या सियागंजात दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो.

सियागंज ही किराण्याची घाऊक पेठ. हळदी-मिरचीचा ठसका, हमालांची हाकाटी, हातगाड्यांची कोंडी आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पिशव्या, खोकी, सुतळ्या, चिकटपट्ट्या विकणाऱ्यांची दाटी. बाईंनी पहिल्याच दुकानात विचारले, "एकशेवीस मायक्रॉनची शेवेची पिशवी आहे का?" दुकानदाराने शांतपणे जाड पिशव्यांचा गठ्ठा समोर ठेवला. घोटाळा येथेच होतो, म्हणून ह्या बाबतीत थोडे विस्ताराने लिहितो.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सामान हातात धरून नेण्याची प्लॅस्टिकची पिशवी २०२१ च्या ३० सप्टेंबरपासून किमान ७५ मायक्रॉन आणि २०२२ च्या ३१ डिसेंबरपासून किमान १२० मायक्रॉन जाडीची असावी, असा नियम आहे. हेतू सरळ आहे : जाड पिशवी महाग पडते, म्हणून दुकानदार ती फुकट वाटत नाही, आणि ती पुन्हा वापरता येते, गोळा करणाऱ्यालाही तिचे पैसे मिळतात. परंतु माल आत घालून तोंड बंद केलेले वेष्टन ही हातपिशवी नव्हे. १२० मायक्रॉनचा दंडक त्याला नाही. बाईंच्या शेवेची पिशवी ह्या दुसऱ्या जातीची. तेव्हा दुकानदाराने पुढे केलेला गठ्ठा त्यांच्या उपयोगाचा नव्हता. घेतला असता तर नियमही पाळला गेला नसता आणि प्लॅस्टिक मात्र दुप्पट गेले असते.

शेजारच्या दुकानात रंगीत, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या टांगलेल्या होत्या. "ही घ्या ताई, कपड्याची आहे," असे तो मुलगा म्हणाला. ते कापड नव्हे. पॉलिप्रॉपिलीनच्या तंतूंची दाबून केलेली चादर आहे, म्हणजे प्लॅस्टिकच. तिच्यासाठीही दर चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची अट आहे. तिसऱ्या ठिकाणी "माती होणाऱ्या" पिशव्या होत्या. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला जाडीची अट नाही, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि त्याचा क्रमांक पिशवीवर छापावा लागतो. ह्या पिशव्यांवर हिरव्या पानाचे सुंदर चित्र होते, क्रमांक नव्हता. आणि प्रमाणपत्र असले तरी असली पिशवी परसातल्या खड्ड्यात सहजी कुजत नाही. मोठ्या कंपोस्ट केंद्रातली ऊब तिला लागते.

"त्यापेक्षा आपली रद्दीची पुडी काय वाईट होती?" असे बाईंनी विचारले. आम्हांलाही क्षणभर तसेच वाटले. लहानपणी वर्तमानपत्राच्या शंकूतून खाल्लेल्या दाण्यांची चव कोण विसरेल? तथापि छापील कागदाच्या शाईत शिशासारखी द्रव्ये असू शकतात आणि गरम, तेलकट पदार्थाला ती चटकन लागतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या वेष्टनविषयक नियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधणे निषिद्ध ठरविले आहे. जुने ते सारेच निर्मळ, असे म्हणून ह्या प्रश्नातून सुटता येत नाही.

आता शेवेची ती चकचकीत पिशवी. शेवेचे वैरी दोन : हवेतला ओलावा आणि हवेतला प्राणवायू. ओलाव्याने शेव सादळते, प्राणवायूने तिच्यातले तेल खवट होते. म्हणून पिशवीला थरांवर थर देतात. बाहेर छपाईचा थर, मध्ये अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा असलेला थर, आत उष्णतेने चिकटणारा थर. मोठे कारखानदार तिच्यात नायट्रोजन भरतात. म्हणून इंदुरची शेव महिनोन् महिने कुरकुरीत राहून कोठल्या कोठे पोचते. पण जे थर शेवेला जपतात, तेच एकमेकांपासून सुटत नाहीत. वेगवेगळ्या जातींचे प्लॅस्टिक एकत्र वितळवून चांगला माल होत नाही. म्हणून कचरा वेचणाराही ही पिशवी उचलत नाही. पाण्याची बाटली तो उचलतो, कारण तिला भाव आहे.

कायद्याने ह्यावर उपाय योजला तो असा : वेष्टन ज्याने बाजारात आणले, ते परत गोळा करून मार्गी लावण्याची जबाबदारीही त्याचीच. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी ह्याची सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे निघाली. उत्पादक, आयातदार व नाममुद्रेचे मालक यांनी मंडळाकडे नोंदणी करावयाची आणि गोळा केलेल्या प्लॅस्टिकचा ठरावीक हिस्सा नव्या वस्तूंसाठी वापरात आणावयाचा. लवचीक पिशव्यांसाठी हा हिस्सा २०२४-२५ सालात ३० टक्के ठरला आणि २०२७-२८ पर्यंत तो ६० टक्क्यांवर न्यावयाचा आहे. ज्याचे दुसरे काहीच होऊ शकत नाही, तेच रस्त्याच्या डांबरात किंवा सिमेंटच्या भट्टीत जावे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना नाममुद्रेचे मालक म्हणून ह्या जबाबदारीतून वगळले आहे. बाईंचा जीव येथे भांड्यात पडला. पण पिशवी पुरविणारा नोंदणीकृत आहे की नाही हे पाहणे त्यांच्या हाती आहे. बहुस्तरीय वेष्टनावर त्याचे नाव व नोंदणी क्रमांक असावा लागतो. बाईंनी घरातल्या जुन्या साठ्यातली एक पिशवी पर्समधून काढली, उलटसुलट करून पाहिली. तिच्यावर काहीच नव्हते. चौथ्या दुकानात क्रमांक असलेल्या पिशव्या मिळाल्या. शेकड्यामागे थोड्या महाग. त्याच दुकानदाराने एकाच जातीच्या प्लॅस्टिकच्या थरांची, म्हणजे वितळवून पुन्हा वापरता येईल अशीही पिशवी दाखविली. "पण ताई, हिच्यात माल जास्त दिवस ठेवू नका," असे त्याने आपण होऊन सांगितले. सियागंजात असा प्रामाणिक सल्ला फुकट मिळाला, हे आवर्जून नोंदवितो.

बाईंनी तेथेच उभ्या उभ्या हिशेब केला. जिरावण आणि मेतकूट गावातच खपते. त्याला काचेची बरणी, रिकामी परत आणणाऱ्याला पैसे परत. चिवडा पंधरा दिवसांत उठतो. त्याला एकजातीची पिशवी. पुण्या-बंगळूरच्या शेवेला मात्र तूर्त तीच चकचकीत, क्रमांकाची. बंद डब्यांतून पाठवावी तर डब्याचे वजन आणि टपालाचा खर्च शेवेच्या किमतीवर जातो.

शेवटी नेमावरच्या रस्त्याने देवगुराडियास गेलो. महादेवाच्या जुन्या देवस्थानामुळे ही टेकडी ओळखीची. पुढे शहराच्या कचऱ्याच्या डोंगरामुळे तिचे नाव घेताना लोक नाकाला पदर लावू लागले. तो साठलेला कचरा २०१८ साली चाळून, निवडून हलविण्यात आला व सुमारे शंभर एकर जमीन मोकळी झाली. २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात सलग सात वेळा इंदूर पहिले आले, त्याचे एक कारण येथे दिसते, दुसरे घरोघरच्या स्वयंपाकघरात : आम्ही इंदुरी लोक कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकतो आणि गाडीचे गाणे ऐकू आले की हातातला घास ठेवून धावतो.

येथे ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा पचविण्याची त्याची क्षमता आहे. त्या वायूवर शहरातल्या बसगाड्या धावतात आणि मागे खत उरते. सराफ्यातले उष्टे येथेच येते.

सुक्या कचऱ्याच्या केंद्रात पट्ट्यावरून माल सरकत होता आणि बायका भराभर हात चालवून तो निवडत होत्या. दुधाच्या पिशव्या एकीकडे, बाटल्या दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. प्रत्येक ढिगाला भाव आहे, गिऱ्हाईक आहे. कोपऱ्यात एक मोठा दाबलेला गठ्ठा होता, उन्हात आरशासारखा लखलखणारा. सगळ्या शेवेच्या, चिप्सच्या, बिस्किटांच्या पिशव्या. "ह्यांचं काय?" असे बाईंनी विचारले. निवडणारी हात न थांबवता म्हणाली, "ये सीमेंट वाले ले जाते हैं, जलाने को." बाई त्या गठ्ठ्याजवळ गेल्या आणि वरच्या पिशव्यांवरची नावे वाचू लागल्या. इंदूर, रतलाम, उज्जैन. एक नागपूरची, एक राजकोटची. स्वतःचे नाव दिसते का, हे त्या बराच वेळ शोधीत होत्या.