नाळे बा

संपादकांचं पत्र आलं तेव्हा आषाढ चालू होता. ‘लेख श्रावणाअखेर पोचावा’ असं त्यांनी अगत्यानं लिहिलं होतं. मी पत्र वाचलं, पंचांगात ठेवलं आणि ‘उद्या उत्तर घालू’ असं मनाशी म्हणून कणीक मळायला घेतली. गौरी-गणपती येऊन गेले, पितृपक्ष सरला, घट बसले. मग दुसरं पत्र आलं. त्यात मजकूर नव्हता, नुसतं एक प्रश्नचिन्ह होतं. तेव्हा वाचकहो, चालढकल या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार किती मोठा आहे हे आधीच ध्यानात घ्यावं.

आपल्या भाषेत या दुर्गुणाला शब्दांची वाण नाही. चालढकल, टाळाटाळ, दिरंगाई, वेळकाढूपणा. कन्नडमध्ये तर एकाच शब्दात काम भागतं, ‘नाळे’. नाळे म्हणजे उद्या. पण मला सगळ्यांत नेमका वाटतो तो गीतेतला शब्द, दीर्घसूत्री. लांबच लांब दोरा ओढत बसणारा. अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची लक्षणं सांगताना हा शब्द येतो. गंमत अशी, की त्याच ठिकाणी ‘आळशी’ हे लक्षण वेगळं सांगितलं आहे, आणि आळशी व दीर्घसूत्री या दोघांच्या मधोमध तिसरा एक बसला आहे, ‘विषादी’. म्हणजे खिन्न, मनातून खचलेला. मी पुष्कळ वर्षं हा अध्याय म्हणत आले, पण दीर्घसूत्री माणसाच्या शेजारी आळशी नव्हे, खिन्न माणूस बसवला आहे हे माझ्या लक्षात आलं ते फार उशिरा. त्याची ही हकीकत.

1993 ते 1996 ही तीन वर्षं यजमानांच्या बदलीमुळे आम्ही बंगळूरजवळच्या एका गावात होतो. बेळगावच्या माणसाला कन्नड नवं नसतं. पण तिथलं कन्नड वेगळं, गोड आणि घाईचं. पहिल्याच आठवड्यात गल्लीतून चालताना मला घरांच्या दारांवर खडूनं लिहिलेली अक्षरं दिसली, ‘नाळे बा’. उद्या ये. मला वाटलं, उधारीवाल्यांसाठी असेल. शेजारीण हसली नाही. तिनं हलक्या आवाजात सांगितलं, रात्री एक बाई येते, भूतच ते. दारावर थाप मारते. घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारते. दार उघडलं की संपलं. म्हणून हे लिहायचं. ती वाचते आणि परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते.

मला तो तोडगा फार आवडला. केवढी साधी युक्ती! मंत्र नाही, मांत्रिक नाही, लिंबू-बिब्बा नाही. दोन शब्द, आणि तेही कधीच खोटे न ठरणारे. कारण ‘उद्या’ कधी उजाडतच नाही. आम्हीही दारावर लिहिलं. धाकटीनं खडूनं लिहिलं आणि खाली हौसेनं मराठीत ‘उद्या ये’ असंही लिहिलं. न जाणो, भूत आमच्याकडचं असलं तर!

1996 साली आम्ही बेळगावला परत आलो. शहापुरातलं जुनं घर, मागे सामाईक विहीर आणि शेजारी अक्का. अक्का आम्हा सगळ्यांच्याच अक्का. घरी कन्नड, बाजारात मराठी, देवाशी बोलताना दोन्ही. मराठी फर्डं बोलत, पण अक्षरओळख फक्त कन्नड. त्यांची थोरली बहीण मिरजेला दिलेली. तिचं अगदी उलट. लहानपणीच लग्न होऊन गेलेली, शाळा पाहिली नव्हती, सासरी दिरांच्या मुलांबरोबर बसून मराठी वाचायला शिकलेली. दोघी बहिणी बोलत एकाच भाषेत, पण एकीचं लिहिलेलं दुसरीला वाचता येत नव्हतं. आपल्या भागात अशी घरं किती आहेत हे मी तुम्हांला सांगायला नको.

दोघींचं बोलणं मात्र नऊ वर्षं बंद होतं. कारण आईच्या पाटल्या.

1997 च्या दसऱ्याला सोनं द्यायला अक्का आल्या. आपट्याच्या पानांखाली त्यांच्या हातात निळं अंतर्देशीय पत्र होतं, कोरं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, “बरदु कोडतीरेन्री?” लिहून द्याल का? पाटल्या दोन होत्या, आईनं एकेक दोघींना सांगितली होती. अक्कांनी दोन्ही ठेवून घेतल्या होत्या. ते त्यांना बहिणीला सांगायचं होतं. तिची पाटली डब्यात तशीच आहे, तू ये किंवा मी येते. चार ओळींचं काम. मी म्हटलं, “नाळे बरीतीनि, अक्का.” उद्या लिहिते.

कन्नडमध्ये ‘बरतीनि’ म्हणजे येते आणि ‘बरीतीनि’ म्हणजे लिहिते. एका वेलांटीचा काय तो फरक. मी तर त्या दिवशी दारावरचेच शब्द त्यांच्या तोंडावर लिहिले.

पत्र मी पंचांगात ठेवलं. दिवाळी आली, फराळाची गडबड. मग शाळेच्या सहामाहीचे पेपर. मग लग्नसराई. अक्का विहिरीवर भेटत. एकदाही ‘लिहिलं का’ म्हणाल्या नाहीत. नुसतं माझ्याकडे पाहत. मी आपण होऊनच म्हणायची, “नाळे हं, अक्का.” आणि त्या मान डोलवायच्या. पदराला गाठ मारून पाहिली. गाठ सोडताना आठवायचं, आणि आठवलं म्हणजे काम झालं असं वाटायचं. आमची आई काही हरवलं की कार्तवीर्यार्जुनाचं नाव घेत पदराला गाठ मारायची. वस्तू सापडायची. पण त्या देवाकडं हरवलेले दिवस सापडत नसावेत.

संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी मिरजेहून माणूस आला. अक्कांची बहीण गेली होती.

गाडीत बसलं तर दुपारच्या जेवणाला पोचावं इतक्या अंतरावर मिरज. अक्का गेल्या त्या तेराव्यानंतर परतल्या. मी भेटायला गेले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून पंचांगातलं ते निळं पत्र सोबत नेलं होतं. का नेलं ते आजही सांगता यायचं नाही. अक्कांनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत माझ्या हातात ठेवलं. “इन्न बरीब्याड्री,” म्हणाल्या. आता लिहू नका. मग जरा थांबून मराठीत म्हणाल्या, “तुमच्या कुणाला तरी घाला.”

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी आळशी नाही. पहाटे पाचला उठणारी, तीसतीस पेपर एका बैठकीत तपासणारी बाई मी. मग चार ओळी का झाल्या नाहीत? उत्तर माहीत होतं, फक्त त्याच्याकडे पाहायचं टाळलं होतं. माझा भाऊ इंदूरला. वडिलांचं घर विकताना सहीवरून आमचं बिनसलं होतं. भाऊबीजेला पाट मांडायचा आणि चंद्राला ओवाळायचं, असं पाचवं वर्ष चाललं होतं. अक्कांसाठी ‘चूक माझी होती’ हे मराठीत लिहायला बसले असते तर लेखणी माझीच होती, अक्षर माझंच होतं. ते वाक्य पुढं कुणाच्या पत्त्यावर जाऊ पाहील याची मला धास्ती होती. दीर्घसूत्रीच्या शेजारी विषादी बसलेला असतो तो असा.

मग वडील आठवले. ते शाळामास्तर. भिक्षुकी करत नसत, पण घरची पूजा स्वतःच सांगत. आचमन झालं की उजव्या ओंजळीत पाणी घेऊन संकल्प म्हणायचे. आई नुसती त्यांच्या हाताला हात लावून उभी. लहानपणी मी विचारलं होतं, एवढं लांबलचक काय म्हणता? ते म्हणाले, “पत्ता सांगतो.” मग त्यांनी उलगडून सांगितलं होतं. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध चालू आहे, त्यातला हा कल्प, हे मन्वंतर, हे कलियुग. मग जंबुद्वीप, भरतवर्ष, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सराचं नाव, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग माझं गोत्र, माझं नाव. पाकिटावर आपण आधी नाव आणि शेवटी प्रांत लिहितो. संकल्पात उलटं, अफाटातून सुरुवात करून या पाटावर, या घटकेला येऊन थांबायचं. आणि मग एकच क्रियापद, ‘करिष्ये’. मी करीन. ते म्हणताच पाणी ताम्हनात सोडायचं.

“नुसतं ‘करिष्ये’ म्हटलं तर चालणार नाही?” मी विचारलं होतं.

“चालेल की. पण मग ते कुठल्याही दिवसाला लागू पडेल,” वडील म्हणाले, “आणि कुठल्याही दिवसाला लागू पडणारी गोष्ट कुठल्याच दिवशी होत नाही. म्हणून त्यात ‘अद्य’ आहे. आज.”

आणखी एक बारकावा ते शिकवत असत. संस्कृतात ‘करिष्यामि’ही होतं आणि ‘करिष्ये’ही. क्रियेचं फळ करणाऱ्याला स्वतःला मिळायचं असेल तर आत्मनेपद, म्हणून ‘करिष्ये’. दुसऱ्यावर उपकार करतो आहोत हा आव त्यात आणता येत नाही.

फाल्गुनाची अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा, साडेतीन मुहूर्तांतला एक. कुणीही म्हटलं असतं, एक दिवस थांब. मीही आदल्या रात्री तेच म्हटलं होतं. मग उमगलं, की ‘मुहूर्तावर करू’ हा ‘नाळे बा’चाच सोवळ्यातला अवतार आहे. सकाळी न्हाऊन तुळशीपाशी उभी राहिले. पळीतलं पाणी स्वतःच्या ओंजळीत घेतलं. हाताला हात लावायला कुणाचा हात शोधला नाही. संस्कृत मला पुरं येत नव्हतं. म्हणून आपल्याच बोलीत म्हटलं: बेळगाव, शहापूर, मागच्या दाराची तुळस. आज, अवस. दुपारी पोरं शाळेतून यायच्या आधी, चुलीशेजारच्या पाटावर बसून, मी माझ्या भावाला चार ओळी लिहीन. पाणी सोडलं. मातीनं ते प्यायलं. परत ओंजळीत घ्यायची सोय राहिली नाही.

आपल्या मराठीत ‘पाणी सोडणं’ म्हणजे आशा सोडणंही होतं. त्या सकाळी मला दोन्ही अर्थ एकच वाटले. काम करायचं तर कशावर तरी पाणी सोडावंच लागतं. मी माझ्या ‘बरोबर असण्या’वर सोडलं.

दुपारी लिहिलं. तेच निळं पत्र. मधल्या काळात दर वाढला असला तर म्हणून वर जादा तिकीट चिकटवलं. पाडव्याला उत्तर आलं वगैरे काही झालं नाही. महिन्याभरानं तीन ओळींचं कार्ड आलं, त्यातली दोन हवापाण्याची होती. पण त्या वर्षी भाऊबीजेच्या पाटावर माणूस बसला.

अक्कांना मी सांगितलं. त्यांनी डब्यातली ती पाटली काढून दाखवली आणि पुन्हा ठेवून दिली. बोलल्या काहीच नाहीत. त्यांचं माझ्याकडून राहिलं ते राहिलंच. माझ्या कुठल्याही संकल्पानं ते भरून निघालेलं नाही, आणि निघालं असं मी कधी म्हणणारही नाही.

पुढं मानसशास्त्र शिकलेल्या धाकटीला हा माझा तोडगा सांगितला तेव्हा ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “आई, यावर लोकांनी अभ्यास केला आहे.” पीटर गोलविट्झर नावाचे जर्मन मानसशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक काम दिलं: 24 डिसेंबरची संध्याकाळ कशी घालवली ते दोन दिवसांत लिहून पाठवा. काहींना एवढंच सांगितलं, काहींकडून ‘केव्हा आणि कुठं बसून लिहीन’ हेही आधी लिहून घेतलं. ज्यांनी वेळ आणि जागा ठरवली होती त्यांच्यात लेख पाठवणाऱ्यांचं प्रमाण दुसऱ्यांच्या दुपटीएवढं निघालं. 1997 साली हा अभ्यास छापून आला. म्हणजे ज्या वर्षी मी अक्कांना ‘नाळे’ म्हणत होते त्याच वर्षी.

आमच्या वडिलांना हे ऐकवलं असतं तर ते म्हणाले असते, पत्ता घातला की पत्र पोचतं, यात नवल ते काय?

हा तोडगा दर वेळी लागू पडतो असं मात्र समजू नका. मी तीनच नियम पाळते. एका वेळी एकच काम. ते एका बैठकीत होण्याएवढं लहान. आणि तुळशीपाशी जागा व वेळ मोठ्यानं उच्चारायची. तरी कितीदा पाणी सोडून आत येते आणि दाणे निवडत बसते. अशा वेळी स्वतःला एकच विचारते: काम मोठं आहे, की त्यामागून कुणाची हाक येते आहे म्हणून दार उघडवत नाही? बंगळूरकडच्या त्या भुताबद्दल मी अलीकडे वेगळा विचार करू लागले आहे. घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारायची म्हणे ती. कुणी सांगावं, एखाद्या दारावर खरंच घरचं माणूस आलं असेल, आणि दारावरचे ते दोन शब्द वाचून परत गेलं असेल.

संपादकांचं ते प्रश्नचिन्ह आलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तुळशीपाशी गेले. बेळगाव, शहापूर, मागचं दार. आज दुपारी, चुलीशेजारच्या पाटावर.

हा लेख तिथं लिहिला.