मिशरीआड दडलेलं दुखणं

आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही. म्हणून त्यांच्या दातांना काही झालंय, असं आमच्या बिडकीनच्या घरात कुणाला वाटलंच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ ती मिशरी लावून घटकाभर बसायचं, हा त्यांचा लग्नाआधीपासूनचा नेम. खालचे पुढचे दात हलायला लागले, भाकरी दुधात कुस्करून खायची पाळी आली, तेव्हा मी त्यांना घेऊन संभाजीनगरला घाटी रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय गाठलं.

डॉक्टरीणबाईंनी खुणा केलेली बारीक सळई दात आणि हिरडीच्या फटीत अलगद घातली. निरोगी हिरडीत ती फार तर तीन मिलिमीटर जाते. आत्याबाईंच्या काही दातांशी सहा-सात गेली. एक्स-रेमध्ये मुळांभोवतीचं हाड खाली सरकलेलं दिसत होतं. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही की लाळेतल्या क्षारांनी कडक होऊन त्याचं किटण बनतं, मग ते ब्रशला दाद देत नाही. त्या जंतूंशी झुंजताना हिरडीला सूज येते आणि ती वर्षानुवर्षं राहिली की आतलं हाड झिजतं. नुसती सूज असते तोवर सफाईने सगळं बरं होतं. गेलेलं हाड मात्र सहसा भरून येत नाही.

मग रक्त का आलं नाही? तंबाखूने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात, लाली आणि रक्त दिसत नाही. आत दुखणं वाढत राहतं, वर हिरडी घट्ट वाटते. मला हे फार लागलं. आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका दात बळकट राहतात म्हणूनच मिशरी लावतात.

डॉक्टरांनी साखरही तपासायला लावली. ती वाढलेली निघाली. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात येत नाही, म्हणून दोन्ही उपचार बरोबरच सुरू झाले.

सफाईला त्या तयार नव्हत्या. "किटण काढलं की दात खिळखिळे व्हत्यात," म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी आरसा हातात दिला. "आजी, दात हाडाच्या आधारानं उभा असतो, किटणाच्या नाही. हे किटणच हिरडीला बरं होऊ देत नाही." मग भुलीचं इंजेक्शन देऊन हिरडीखालची मुळंही साफ केली. दोन दात वाचण्यापलीकडे गेले होते, ते काढले. एका बाजूला हिरडी उघडून आत साफ करावी लागली, टाके पडले.

खरा झगडा घरी झाला. मिशरी सोडल्यावर ब्रशला रक्त दिसायला लागलं आणि आत्याबाई माझ्यावरच उखडल्या, "बघ, व्हती तवर काही नव्हतं!" तंबाखू सुटली की दबलेला रक्तप्रवाह पूर्ववत होतो आणि लपलेली सूज उघडी पडते, हे डॉक्टरांकडून पुन्हा ऐकवल्यावर त्या शांत झाल्या. नीट घासत राहिल्यावर रक्त थांबलं.

आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. दातांच्या फटीतला छोटा ब्रश त्या स्वतः वापरतात. पुढच्या खेपेला आमच्याबरोबर शेजारच्या काकूही येणार आहेत. त्यांच्याही हिरड्यांतून कधी रक्त येत नाही.