बर्फाच्या मुलखातला गाळ आणि शिफा

नॉर्वेच्याही पार उत्तरेला स्वालबार्ड नावाची बेटे आहेत. तिथे ७९ अंश अक्षांशाजवळ नी-ओलेसुंद हे चिमुकले गाव आहे. पूर्वी इथे कोळशाच्या खाणी होत्या. १९६२ च्या स्फोटात २१ कामगार दगावले आणि पुढे खाणी बंद पडल्या. आता गावात राहतात ते संशोधक. २००८ पासून भारताचे ‘हिमाद्री’ केंद्रही इथे आहे. त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. पांढऱ्या अस्वलांच्या भीतीने इथे दारांना कुलूप लावत नाहीत. प्रसंग आला तर समोरच्या घरात शिरता यावे!

ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत इथे सूर्य उगवत नाही आणि उन्हाळ्यात चार महिने मावळत नाही. मग नमाज-रोजाच्या वेळा कशा धरायच्या? जवळच्या ज्या शहरात दिवस-रात्र होतात, तिथल्या वेळा धराव्यात, अशी वाट अनेक उलेमांनी दाखवली आहे.

गावासमोर काँग्सफ्योर्डन ही खाडी आहे. तिच्या टोकाला हिमनद्या उतरतात. उन्हाळ्यात वितळलेले पाणी खडकांचा लालसर गाळ खाडीत आणते आणि तळाशी थरावर थर बसतो. अशा थंडगार चिखलातही अल्लाहतआलाने जिवाणूंची वस्ती ठेवली आहे.

अन्न थोडे आणि खाणारे फार, म्हणून काही जिवाणू शेजाऱ्याला रोखणारी रसायने बनवतात. माणसाने त्यातूनच औषधे घेतली. टीबीवरचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये मातीतल्या अशाच जिवाणूपासून मिळाले. पण गाळातले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. म्हणून शास्त्रज्ञ चिखलातूनच डीएनए काढतात आणि त्यात औषधी रसायने घडवणारी जनुके शोधतात. आचारी भेटला नाही तरी त्याची पाककृतींची वही हाती लागावी, तसे हे काम आहे. एकाच जातीच्या दोन जिवाणूंच्या वह्यांतही वेगळ्या पाककृती निघतात. अर्थात, नवी पाककृती सापडली म्हणजे औषध तयार झाले असे नाही. ते रसायन बनवून, तपासून, रुग्णापर्यंत पोहोचवायला वर्षे जातात.

तोवर दोन गोष्टी घडत आहेत. हिमनद्या मागे सरकत आहेत, त्यामुळे गाळ आणि त्यातले जीवन बदलत आहे. म्हणजे काही वह्या वाचण्याआधीच हरवू शकतात. दुसरीकडे जुनी औषधे निकामी होत आहेत. टीबीचे काही जंतू आज नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नाहीत.

आजार आहे तिथे शिफाही आहे, हे आपण मुलांना शिकवतो. ती शिफा जपणे मात्र आपल्या हातात आहे. साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नये. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस गोळ्या घ्याव्यात. उरलेली पट्टी शेजारच्या खालाला देऊ नये. नवे औषध खाडीच्या तळातून यायला वेळ लागेल. घरातले औषध तोवर टिकायला हवे.