पश्चिमेचा फ्लॅट

कल्याण-शीळ रस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना नव्या इमारतींच्या जाहिराती लागतात. पोहण्याचा तलाव, क्लब हाऊस, मुलांना खेळायला जागा, आणि त्याच ओळीत 'वास्तुशास्त्रानुसार रचना'. घोडबंदर रोडलाही तेच. आम्ही दोन वर्षं घर शोधत होतो. कौशातून निघून कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला यायचं होतं. त्या दोन वर्षांत दिशांचं जेवढं ज्ञान पदरात पडलं तेवढं शाळेत भूगोलाच्या तासालाही पडलं नव्हतं. दार पूर्वेला किंवा उत्तरेला हवं. स्वयंपाकघर आग्नेयेला, घरमालकाची झोपायची खोली नैर्ऋत्येला. ईशान्य कोपरा पवित्र, तिथे संडास आला की त्या फ्लॅटची किंमत उतरलीच.

आमचा मात्र प्रत्येक फ्लॅटमध्ये पहिला प्रश्न एकच असायचा, किब्ला कुठे? खिशातून मोबाइल काढायचा, कंपास लावायचा. आपल्या ठाणे-कल्याणहून मक्का पश्चिमेला येते. नेमकं सांगायचं तर पश्चिमेपासून उत्तरेकडे साधारण १० अंश कललेली. एजंट लोकांना हे पाठ झालेलं असतं. एका एजंटने तर आमचं नाव ऐकताच फाइलीतला खालचा कागद वर काढला. "ताई, तुम्हाला पश्चिम चालते ना? मस्त वेस्ट फेसिंग आहे. बाकीचे लोक घेत नाहीत, म्हणून दोन-तीन लाख कमीपण होतील."

मला हसू आलं. नमाजला तोंड पश्चिमेला करायचं असतं, त्यासाठी पश्चिमेला दार किंवा खिडकी कशाला लागते? उलट तिथे कोरी भिंत असलेली बरी. तुम्ही स्वतः घराचा नकाशा मनात आणून बघा. पूर्वेच्या दाराच्या घरात जानमाज घातली की दाराकडे पाठ येते आणि समोर शांत भिंत राहते. पश्चिमेला दार असेल तर समोर चपला, येणारे-जाणारे, आणि दुधाची पिशवी घेऊन उभा असलेला मुलगा. म्हणजे वास्तुवाल्याला जे पूर्वेचं दार हवं असतं, ते नमाजी माणसालाही सोयीचंच पडतं. पण एजंटच्या डोक्यात हिशेब सरळ होता. ते पूर्वेचे, हे पश्चिमेचे.

त्यातही गंमत अशी की पूर्वेचे फ्लॅट आम्हाला आवडले तरी मिळतच नव्हते. फोनवर फ्लॅट रिकामा असायचा. आम्ही जाऊन बघायचो, गॅलरी आवडायची, दक्षिणेकडे लांबवर मलंगगड दिसायचा. मग कागदावर नाव लिहायची वेळ यायची, आणि संध्याकाळी फोन यायचा की मालकाचा विचार बदलला, किंवा सोसायटीतल्या लोकांचं म्हणणं पडलं. एकदा नाही, पाच वेळा. ज्याचं नाव चालतं त्याने ईशान्य की आग्नेय याचा काथ्याकूट करावा. ज्याचं नाव चालत नाही त्याला आठही दिशा सारख्याच बंद असतात. मुस्लिम माणसाने वास्तुशास्त्राला हसणं म्हणूनच थोडं सोपं आहे. निवडायलाच मिळत नाही, तिथे अंधश्रद्धेची चैन कुठून परवडणार?

अखेर घर मिळालं. मिळालं ते पश्चिमेच्या खिडक्यांचंच. सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं.

पाक कलामची तिलावत झाली, पाहुण्यांना बिर्याणी वाढली, आणि संध्याकाळी समोरच्या फ्लॅटमधल्या काकू एक चमकदार कागदात गुंडाळलेली भेट घेऊन आल्या. आत पोट सुटलेला, हात वर केलेला लाफिंग बुद्ध. "दाराकडे तोंड करून ठेवा," काकू म्हणाल्या, "पैसा येतो." त्यांचं मन स्वच्छ होतं. त्या मजल्यावर आमच्याकडे पहिल्यांदा आलेली व्यक्ती म्हणजे त्याच, हे मी विसरणार नाही. पण खाला शेजारीच बसली होती. काकू गेल्यावर तिने मूर्तीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "बेटा, हे घरात ठेवणार? फरिश्ते येत नाहीत अशा घरात."

हा बुद्ध म्हणजे गौतम बुद्ध नव्हेच. दहाव्या शतकात चीनमध्ये बुदाई नावाचा एक भटका भिक्षू होता, खांद्यावर झोळी घेऊन फिरणारा. लोकांनी पुढे त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलं. ज्याच्याकडे झोळीशिवाय काही नव्हतं त्याला आपण पैसे आणायच्या कामाला लावलं आहे. तीन पायांचा बेडूक, तोंडात नाणं धरलेला, त्याचं तसंच. लाल दोऱ्यातली नाणी, वाऱ्यावर वाजणाऱ्या नळ्या, काचेच्या भांड्यातला बांबू, हे सगळं आता स्टेशनबाहेरच्या कुठल्याही गिफ्टच्या दुकानात मिळतं. नव्वदच्या दशकात मलेशियातल्या लिलियन टू यांची इंग्रजी पुस्तकं सगळीकडे पोचली आणि फेंगशुई हे नाव जगभर घरोघरी गेलं. आपल्याकडे ते आलं आणि वास्तुशास्त्राच्या शेजारी जाऊन बसलं. आता एकाच पाटीवर दोन्हींचा सल्ला मिळतो.

दोन्ही एकाच पाटीवर कशी नांदतात हे मला कोडंच आहे. चीनमध्ये घराचं तोंड दक्षिणेला असणं सर्वांत उत्तम. त्याला कारण आहे: उत्तरेकडून बोचरे थंड वारे येतात, म्हणून पाठीशी डोंगर, समोर ऊन आणि पाणी. वास्तुशास्त्रात दक्षिण ही यमाची दिशा, तिकडे दार नको. म्हणजे एका शास्त्राने जे दार उघडायला सांगितलं ते दुसऱ्याने बंद करायला सांगितलं आहे, आणि सल्लागार दोघांचीही फी घेतो. दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती अशा गोष्टींवर वर्षानुवर्षं बोलत आली आहे. मी नवीन काही सांगत नाही.

पण फेंगशुई या शब्दाचा मूळ अर्थ कळला तेव्हा मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. फेंग म्हणजे वारा, शुई म्हणजे पाणी. आणि त्याची सुरुवात घरांपासून नाही, तर थडग्यांपासून झाली. गुओ पू (इ. स. २७६-३२४) याच्या नावावर असलेला जो जुना ग्रंथ फेंगशुईचा आधार मानतात, तो दफनाच्या जागेबद्दल आहे. पूर्वजांना कुठे पुरावं, वारा कुठून येतो, पाणी कुठे साठतं. आपल्याकडे कबरस्तानात कुणी असा विचार करत नाही. आपली कबर उत्तर-दक्षिण असते, डोकं उत्तरेला, उजव्या कुशीवर, तोंड किब्ल्याकडे. आमच्या इमारतीतले लोक उत्तरेला डोकं करून झोपत नाहीत, आम्ही कायमचे तसेच झोपतो. दिशेला अर्थ आपणही देतोच. फरक एवढाच की किब्ला काही देत नाही. पैसा देत नाही, आजार घालवत नाही. तो फक्त सगळ्यांना एका बाजूला तोंड करून उभं करतो.

चीनमध्ये शिआन शहरात एक फार जुनी मोठी मशीद आहे. आजचं तिचं रूप मिंग काळातलं, १४व्या शतकापासूनचं. बघितलं तर अगदी चिनी मंदिर: तशीच वळणदार छपरं, एकामागे एक अंगणं, लाकडी कमानी. पण चिनी मंदिरं आणि राजवाडे उत्तर-दक्षिण रेषेवर मांडतात, दार दक्षिणेला. ही मशीद पूर्व-पश्चिम मांडली आहे, कारण तिथूनही मक्का पश्चिमेलाच. फेंगशुईच्या देशातल्या मुसलमानांनी छपरं तिथली घेतली, अंगणं तिथली घेतली, फक्त अक्ष फिरवला. तिथे जायचा योग यावा अशी इच्छा आहे.

खालाला मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पिशवीतून स्वतःची भेट काढली. मुख्य दारावर लावायला सोनेरी अक्षरातली आयतुल कुर्सी, आणि खाली ७८६. मी विचारलं, "हे कशासाठी?" "नजर लागू नये म्हणून, बरकत राहावी म्हणून." मग काकूंच्या बुद्धात आणि आपल्या ७८६ मध्ये फरक काय राहिला? ७८६ म्हणजे अबजद पद्धतीने बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. कुराणात नाही, हदीसमध्ये नाही. तरी रिक्षावर असते, नोटेचा नंबर तसा निघाला तर ती नोट पाकिटात जपून ठेवतात, मोबाइल नंबर तसा हवा म्हणून जास्त पैसे मोजतात. आयत वाचायची असते, समजून घ्यायची असते. ती दारावर पहारेकऱ्यासारखी टांगली की तिचाही विंड चाइम होतो. खालाला हे आवडलं नाही. तिने आयत स्वतःच खिळा ठोकून लावली. खिळा थोडा तिरका गेला.

घराच्या दाराबद्दल कुराणातच एक आयत आहे, सूरह बकराहची १८९वी. त्या काळी मदिनेतले काही लोक हजच्या इहराममध्ये असताना घराच्या पुढच्या दाराने आत जात नसत, मागच्या बाजूने शिरत; पुढच्या दाराने गेलं की पुण्य कमी होतं असं मानत. आयतीचा आशय असा की घराच्या मागून शिरण्यात काही पुण्य नाही, सरळ दाराने आत या. त्याच सूरहच्या १७७व्या आयतीत पूर्व-पश्चिमेला तोंड करण्यापेक्षा अनाथाला, गरिबाला, प्रवाशाला देण्याला नेकी म्हटलं आहे. आपल्या दारांचा आणि दिशांचा प्रश्न चौदाशे वर्षांपूर्वी निघालेला होता, आणि तो निकालीही काढलेला होता.

घरात अपशकुन असतो का, यावरही हदीसमध्ये चर्चा आहे. घर, बाई आणि घोडा यांत अपशकुन असतो अशी एक रिवायत सांगतात, आणि हजरत आयेशा यांनी ती खोडून काढल्याचंही सांगतात. ही तर इस्लामपूर्व काळातल्या लोकांची समजूत, असं त्यांचं म्हणणं. मला दुसरी एक रिवायत जास्त जवळची वाटते: माणसाच्या सुखाच्या गोष्टींत ऐसपैस घर आणि चांगला शेजारी मोजलेला आहे. त्यात दिशा कुठली, हे विचारलेलं नाही. आमच्याकडे शेजार मिळवणं हेच सगळ्यात अवघड काम निघालं, म्हणून कदाचित ती लक्षात राहिली असेल.

आता वारा आणि पाणी, खरोखरचं. २६ जुलै २००५ ला कल्याणात वालधुनीचं पाणी किती घरांत शिरलं हे इथल्या जुन्या माणसांना विचारा. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदी अशी फुगली की बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारेक माणसं बोटींनी बाहेर काढावी लागली. नदीच्या पूररेषेत भराव घालून उभ्या केलेल्या इमारतीचं दार ईशान्येला असून काय करायचं? गुओ पूच्या त्या ग्रंथाचं नाव सांगणारा कुणी सल्लागार पूररेषेचा नकाशा काढून दाखवताना मी पाहिलेला नाही.

आणि ४ एप्रिल २०१३. शीळफाट्याजवळची ती इमारत. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती, तिथेच काम करणारे मजूर होते. परवानगीशिवाय, काही महिन्यांत मजल्यावर मजला चढवत नेलेली, वर बांधकाम चालू आणि खाली माणसं राहायला. त्या जागेचं नाव लकी कंपाउंड होतं. आम्ही तेव्हा कौशात राहत होतो. शीळफाटा आमच्यापासून दूर नाही. तेव्हापासून 'लकी' हा शब्द कुठल्याही पाटीवर दिसला की मला तो वाचवत नाही.

तशा इमारतीत माणसं मूर्ख म्हणून राहत नाहीत. जिथे नाव सांगून घर मिळतं आणि जिथे पैसे पुरतात, तिथे राहतात. डोंबिवलीत तर कागदपत्रंच खोटी निघाली. पालिकेच्या परवानग्या बनावट आणि त्यावर मिळवलेली महारेराची नोंदणी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवलीतल्या अशा ६५ इमारती पाडायचा आदेश दिला. त्यांत कर्ज काढून घर घेतलेली सगळ्या जातिधर्मांची कुटुंबं. त्यांतल्या कित्येकांनी गृहप्रवेशाला वास्तुशांत केली असेल, कित्येकांनी दारावर आयतुल कुर्सी लावली असेल.

म्हणून घर घेताना मी दिशांपेक्षा कागद जास्त बघितले. भोगवटा प्रमाणपत्र आहे का? आहे, तर त्याची प्रत घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन खरी आहे का ते विचारलं. तिथल्या माणसाने दोन खेपा घालायला लावल्या, पण सांगितलं. जमीन कुणाची, सातबारा काय म्हणतो. जुन्या रहिवाशांना विचारलं, पावसाळ्यात गटार कुठपर्यंत येतं? हा प्रश्न विचारताना एजंट माझ्याकडे असा बघत होता की जणू मी अपशकुन केला.

घरातल्या मांडणीबद्दल म्हणाल तर फेंगशुईच्या काही गोष्टी मी सरळ उचलल्या, कारण त्या शहाणपणाच्या आहेत. दारासमोर अडगळ नको. पलंग दाराच्या सरळ रेषेत नको. आधीच्या मालकाने खिडकीला अर्धी झाकणारं कपाट ठेवलं होतं, ते आधी हलवलं. अरुंद पॅसेजच्या टोकाला आरसा लावला. 'ऊर्जा' परतवायला नव्हे, तर खिडकीचा उजेड आतपर्यंत जावा म्हणून. दिवसा दिवा लावायची गरज संपली. पश्चिमेच्या खिडकीचं मात्र सांभाळावं लागतं. एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनपासून मगरिबपर्यंत भिंत तापते, आणि जुलैत पाऊस सरळ आत येतो. बाहेर रुंद छज्जा घालून घेतला, जाड पांढरे पडदे लावले. पण संध्याकाळी खाडीकडून वारा येतो तो याच खिडकीतून, आणि पूर्वेचं दार उघडं टाकलं की घरभर फिरतो. पूर्वेच्या खिडक्यावाले शेजारी तेव्हा एसी लावून बसलेले असतात. बाकीचे घेत नव्हते तो हा फ्लॅट.

किब्ल्याच्या भिंतीवर आम्ही काही लावलेलं नाही. दोन खिडक्यांच्या मधला तेवढाच कोरा तुकडा आहे, त्याच्यासमोर एक जानमाज मावते. दोघांना एकदम पढायची असेल तर एकाने थांबायचं.

काकूंचा बुद्ध परत करणं मला जमलं नाही. दिवाणखान्यातही ठेवला नाही. तो शिलाईच्या मशीनच्या खणात आहे, दोऱ्यांच्या रिळांसोबत. काकू अधूनमधून येतात, चहा घेतात, खालाशी गप्पा मारतात. परवा त्यांनी विचारलं, "बुद्ध कुठे ठेवलात?" माझ्या आधी खालाच बोलली, "आहे ना, आत आहे. घरातच आहे." मग काकूंनी दारावरच्या आयतीकडे बघून सांगितलं की ती थोडी तिरकी लागली आहे, आणि उद्या त्यांचा मुलगा ड्रिल मशीन घेऊन येईल.