सायप्रस : धनी बदललेल्या वास्तू

भूमध्य समुद्राच्या अगदी पूर्वेकडील कोपऱ्यात सायप्रस नावाचे बेट आहे. सिसिली आणि सार्डिनिया ही दोन बेटे वगळली, तर त्या समुद्रात याहून मोठे बेट नाही. तरीही त्याचे क्षेत्रफळ अवघे ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्याहूनही काहीसे कमीच भरते. उत्तरेस तुर्कस्तान, पूर्वेस सीरिया व लेबनॉन, दक्षिणेस ईजिप्त, अशा नाक्याच्या जागी ते वसलेले असल्यामुळे ज्याच्यापाशी गलबतांचा बेडा मोठा, त्याची नजर या बेटावर पडली नाही असे सहसा झाले नाही. भूमीत तांबेही विपुल होते. लॅटिन भाषेत तांब्याला जे नाव पडले, ते या बेटाच्याच नावावरून.

येथील वस्ती फार प्राचीन आहे. खिरोकितिया येथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीच्या गोल दगडी घरांचे पाये उघडे झाले आहेत. ते लोक आपल्या मृतांना घरातील जमिनीखालीच पुरीत. पश्चिम किनाऱ्यावरील पाफोस गावाजवळ १९६२ साली शेत नांगरताना रोमन काळातील एका प्रशस्त वाड्याची फरसबंदी सापडली. रंगीत खड्यांनी जडवलेली तेथील मोझेक चित्रे पाहावयास आता जगभरचे प्रवासी जातात. त्रोओदोस पर्वतातील खेड्यांत भित्तिचित्रांनी नटलेली लहान लहान ख्रिस्ती मंदिरे आहेत. बाहेरून पाहिले तर एखाद्या शेतकऱ्याचे धान्याचे कोठार वाटावे! बर्फ साचू नये म्हणून त्यांच्यावर लाकडी, तीव्र उताराचे छप्पर घातलेले असते. आत मात्र भिंतीचा तसूभर भागही कोरा सापडावयाचा नाही. त्यांपैकी दहा मंदिरांना युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आहे.

परंतु सायप्रसचा खरा स्वभाव या शांत खेड्यांत कळत नाही. त्यासाठी निकोसिया आणि फामागुस्ता ही दोन जुनी शहरेच पाहिली पाहिजेत.

११९१ मध्ये इंग्लंडचा राजा रिचर्ड याने धर्मयुद्धाला जाता जाता हे बेट जिंकले, आणि पुढल्याच वर्षी ते लुसिन्यां या फ्रेंच घराण्याच्या हाती गेले. या घराण्याने सुमारे तीनशे वर्षे राज्य केले. मायदेशाची आठवण म्हणून म्हणा, की प्रजेवर छाप पाडावी म्हणून म्हणा, या राजांनी फ्रान्समधील थोर कॅथीड्रलांच्या धर्तीची मंदिरे या उन्हाळी बेटावर उभारली. निकोसियातील संत सोफियाच्या कॅथीड्रलचे काम १२०९ मध्ये सुरू झाले. येथे सायप्रसच्या राजांना मुकुट चढवीत. नंतर हेच राजे फामागुस्तास जात व संत निकोलसच्या कॅथीड्रलमध्ये जेरुसलेमचे राजे म्हणून पुन्हा राज्याभिषेक करवून घेत. जेरुसलेम तर केव्हाच हातचे गेले होते! पण गेलेल्या राज्याचा मुकुट मिरविण्याची हौस आपल्याकडील संस्थानिकांनाच होती असे थोडेच आहे?

१५७०-७१ मध्ये तुर्कांनी बेट जिंकले आणि या दोन्ही मंदिरांच्या मशिदी झाल्या. कसे, ते पाहण्याजोगे आहे. मूर्ती व चित्रे गेली, भिंतींना चुना लागला, मिनार उठले. परंतु उंच खांब, निमुळत्या कमानी आणि दगडात कोरलेली नाजूक गवाक्षे तशीच राहिली. मंदिर बांधताना त्याचे मुख पूर्वेकडे ठेवलेले, तर मक्का तेथून दक्षिणेकडे झुकलेल्या दिशेस. त्यामुळे आत अंथरलेल्या सतरंज्या खांबांच्या रांगांशी जुळत नाहीत, तिरक्या पडतात. दगड एका दिशेला पाहतो आणि भक्त दुसऱ्या दिशेला! विजेत्याने मोडतोड केली नाही असे नव्हे, पण इतकी भक्कम इमारत पाडण्यापेक्षा वापरणे बरे, एवढा व्यवहार त्याला कळत होता. फामागुस्ताच्या मशिदीसमोर उंबराच्या जातीचा एक अजस्र वृक्ष आहे. मंदिराचा पाया घातला तेव्हाच तो लावला गेला, असे मानतात. दोन्ही धर्मांच्या भक्तांनी त्याच्या सावलीत विसावा घेतला असणार.

फामागुस्ताचा वेढा जवळजवळ वर्षभर चालला. शरणागतीनंतर व्हेनिसच्या सेनापतीची जी अमानुष हत्या झाली, तिची कथा युरोपात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली. बंदराच्या तोंडाशी असलेल्या किल्ल्याच्या दारावर व्हेनिसचा पंखधारी सिंह अजून कोरलेला दिसतो. या किल्ल्याला लोक ऑथेल्लोचा बुरूज म्हणतात, कारण शेक्सपिअरच्या त्या नाटकाचा बराचसा भाग सायप्रसमधील एका बंदरात घडतो. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ ज्यांनी वाचले किंवा पाहिले असेल, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. तो मराठी पेहरावातला ऑथेल्लोच होय.

निकोसियाचा तट व्हेनिसच्या लोकांनी १५६७ पासून, म्हणजे तुर्कांची स्वारी अगदी दाराशी आली असता घाईघाईने बांधला. वर्तुळाकार कोट, त्याला अकरा बुरूज आणि तीन दरवाजे. तोफांचा मारा सर्व बाजूंनी करता यावा म्हणून कोटाबाहेरील जुन्या इमारती, राजांच्या समाधी असलेल्या मठासकट, सपाट करण्यात आल्या. एवढे करूनही शहर सुमारे सात आठवड्यांतच पडले. आज मात्र त्याच बुरुजांची वाटणी पाहून मन खिन्न होते. पाच बुरूज दक्षिणेकडे, पाच उत्तरेकडे आणि अकरावा संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातील मधल्या पट्ट्यात!

ही वाटणी कशी झाली, ते थोडक्यात सांगावयास हवे. १८७८ मध्ये बेटाचा कारभार इंग्रजांकडे आला आणि १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झाला. तीनच वर्षांत ग्रीक व तुर्की समाजांत दंगली उसळल्या. एका इंग्रज सेनाधिकाऱ्याने राजधानीच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. तीच पुढे ‘हिरवी रेघ’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली, तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी भारतीय होते. त्यांच्यामागून आलेले जनरल थिमय्या १८ डिसेंबर १९६५ रोजी तेथेच कामावर असताना निवर्तले. सायप्रसने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले, आणि लार्नाका शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १९७४ च्या जुलैत अथेन्सच्या लष्करशहांच्या चिथावणीने राजधानीत बंड झाले आणि पाठोपाठ तुर्कस्तानचे सैन्य उतरले, तेव्हा शांतिसेनेची धुरा जनरल प्रेमचंद वाहत होते. बेट दुभंगले. दीड लाखांहून अधिक ग्रीक दक्षिणेकडे गेले, चाळीस हजारांहून अधिक तुर्क उत्तरेकडे. उत्तरेतील राज्याला तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता दिलेली नाही.

माणसे गेली, वास्तू राहिल्या. सायप्रसच्या जुन्या वास्तूंनी विजेते पुष्कळ पाहिले होते; परंतु ज्यांची ती देवळे व मशिदी, ते लोकच रातोरात नाहीसे व्हावेत, हा प्रसंग निराळा होता. मंदिराची मशीद होते तेव्हा निदान कोणी तरी छप्पर शाकारतो आणि दिवा लावतो. आता उत्तरेत देवळे ओस पडली, काहींत गुरे बांधली गेली. दक्षिणेतील तुर्की खेड्यांतल्या मशिदींनाही कोणी वाली उरला नाही. अशा बेवारस जागी चोरांचे फावते. लिथ्रांगोमी गावच्या कानाकारिया मंदिरात सहाव्या शतकातील मोझेक चित्रे होती. पूर्वेकडील साम्राज्यात धर्मचित्रे नष्ट करण्याची जी लाट आली, तिच्यातूनही ती बचावली होती. १९७४ नंतर मात्र ती भिंतीवरून खरवडून काढण्यात आली आणि त्यांचे तुकडे परदेशी विकण्यात आले. अमेरिकेतील एका व्यापाऱ्याने चार तुकड्यांसाठी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम मोजली. सायप्रसच्या धर्मसंस्थेने दावा लावला. चोरीच्या वस्तूवर विकत घेणाऱ्याचा हक्क पोहोचत नाही, असा निकाल १९८९ मध्ये लागला आणि १९९१ मध्ये ते तुकडे निकोसियाला परतले. तेथील संग्रहालयात ते मांडलेले आहेत, त्यांची भिंत मात्र उत्तरेत आहे.

याच काळात एक गोष्ट निमूटपणे घडत होती, आणि मला ती सर्व राजवाड्यांपेक्षा मोलाची वाटते. शहर दोन झाले, पण जमिनीखालचे गटार काही दोन होईना! तेव्हा १९७० नंतरच्या दशकाअखेरीस दोन्ही बाजूंच्या नगराध्यक्षांनी एकत्र बसून सांडपाण्याची योजना आखली. गटारावरून बोलणी सुरू झाली ती जुन्या शहराच्या दुरुस्तीपर्यंत पोहोचली. तटाच्या आतील मोडकळीस आलेल्या पेठा दोन्हीकडे एकाच आराखड्यानुसार सावरण्यात आल्या. या कामाला २००७ मध्ये आगाखान वास्तुपारितोषिक मिळाले. २००८ मध्ये दोन्ही समाजांतील तज्ज्ञांची एक समिती नेमण्यात आली. देऊळ की मशीद, उत्तर की दक्षिण, हा विचार न करता पडक्या वास्तू सावरणे हे तिचे काम. ऑथेल्लोचा बुरूज तिच्याच खटपटीने दुरुस्त होऊन २०१५ मध्ये लोकांना खुला झाला. त्याच वर्षी नव्हे, पण पुढल्या वर्षी, बेटाच्या ईशान्येकडील चिंचोळ्या टोकावर असलेल्या प्रेषित अँड्र्यूच्या मठाचे पहिल्या टप्प्याचे काम पुरे झाले. त्यासाठी ग्रीक धर्मसंस्था आणि तुर्की वक्फ या दोघांनीही पैसा दिला.

या मठाला फार पूर्वीपासून दोन्ही धर्मांचे लोक नवस बोलत आले आहेत. प्रेषित गलबतातून जात असता खलाशांना तहान लागली, तेव्हा त्याने किनाऱ्यावरील खडकातून पाणी काढून दिले आणि त्या पाण्याने गलबताच्या एकाक्ष कप्तानाला दृष्टी आली, अशी कथा आहे. हा झरा मठाच्या खालच्या अंगाला, समुद्राला अगदी लागून आहे. यात्रेकरू अजून त्याचे पाणी घेतात.