तेलाचा कूलर

"काका, गाडीला कूलर बसवायचा आहे," असे माझा पुतण्या यंदाच्या एप्रिलमध्ये म्हणाला, तेव्हा आमच्या घरात कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. खामगावचा एप्रिल! या दिवसांत आमच्याकडे पाहुणा आला तर पाण्याच्या तांब्याआधी त्याला कूलरसमोरची खुर्ची मिळते. माळ्यावरून तो लोखंडी पेटारा उतरवावा, गंज खरवडून रंगाचा हात द्यावा, गवताच्या ताट्या बदलाव्यात, हा आमच्या वऱ्हाडातला चैत्रातला कुळाचारच आहे. त्यामुळे वहिनींनी फक्त एवढेच विचारले, "अरे, पण गाडीत पाणी कुठे भरणार?"

मग खुलासा झाला. हा कूलर माणसांसाठी नव्हता, इंजिनातल्या तेलासाठी होता. तेल गरम करायला पैसे पडतात हे मला गॅसच्या बिलावरून ठाऊक होते. तेल गार करायलाही पडतात, आणि ते तीस-पस्तीस हजार, हे मात्र नवे होते.

गाडी म्हणजे आमच्या दादांची एस्टीम. 2004 साली घेतलेली, 1,298 सीसीची, पांढरी. दादांनी ती कधी ऐंशीच्या वर नेली नाही. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली. तेव्हापासून वहिनी दर रविवारी सकाळी अंगण झाडून झाले की गाडीत बसतात, पाच मिनिटे इंजिन चालू ठेवतात आणि बंद करून, हाताने बॉनेट पुसून आत येतात. चालवता त्यांना येत नाही. या रविवारच्या पाच मिनिटांबद्दल घरात कोणी काही बोलत नाही.

चिरंजीव पुण्यात नोकरीला. हीच गाडी त्याला कोइमतूरला न्यायची होती. तिथे करी मोटर स्पीडवे नावाचा शर्यतीचा रस्ता आहे, 2.1 किलोमीटरचा. शर्यत नसेल त्या दिवशी पैसे भरून हौशी मंडळींना तिथे आपली गाडी पळवता येते. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "ने. पण त्यांच्या गाडीला करवत लावायची नाही." कारण कूलर बसवायचा तर पुढचा बंपर कापावा लागेल, असे तो बोलून गेला होता. काका म्हणून मी मध्ये पडलो, आणि मध्ये पडणाऱ्याचे जे होते ते माझे झाले. खर्च माझ्याकडे आला.

आमचे उस्ताद एस.टी.च्या कार्यशाळेत तीस वर्षे काढून निवृत्त झालेले. मोठ्या डिझेल इंजिनांना तेलाचा कूलर असतोच, त्यामुळे त्यांना या वस्तूचे अप्रूप नव्हते. आम्ही कोणता कूलर घ्यावा हे विचारायला गेलो, तर त्यांनी पुतण्याकडे न पाहता मलाच विचारले, "सायेब, ताप हाय का नाई थे पाह्याच्या आंधीच गोयी कायले देता?"

खरे आहे. डॅशबोर्डावरचा काटा पाण्याचा ताप सांगतो, तेलाचा नाही. पाण्याला रेडिएटर आहे, पंखा आहे, थर्मोस्टॅट आहे, त्यामुळे तो काटा मध्यावर सुखाने बसून राहतो. तेल मात्र पिस्टनच्या पोटाखाली उडते, क्रँकच्या बेअरिंगांतून पिळून निघते आणि तिथली सगळी उष्णता गुपचूप अंगावर घेते. आपल्या रोजच्या चालवण्यात इंजिन क्वचितच जोर लावते, तेव्हा हे खपते. पण वीस मिनिटे सारखे सहा हजार फेऱ्यांवर पळवले तर पाणी नव्वदवर आणि तेल एकशेतीसच्या पुढे, असे होऊ शकते. तेल तापले की पातळ होते, पातळ झाले की दाब पडतो, आणि बेअरिंगांत धातूला धातू लागू नये म्हणून जो तेलाचा पापुद्रा असतो तोच फाटतो. मग उरतो तो इंजिनाचा खडखडाट आणि मालकाचे मौन.

उस्तादांनी तेलाची टोपी उघडली, आणि तिच्या आतल्या बाजूला पिवळट सायीसारखा थर निघाला. मी घाबरलो. "कूलर नाही तेच बरं," ते म्हणाले, "हे तेल तर कधी गरमच झालं नाई." पाच मिनिटे चालवून बंद केलेल्या इंजिनात जळणातून निर्माण झालेले पाणी तेलातच राहते. ते उडून जायला तेल चांगले ऐंशी-नव्वदच्या वर, आणि बराच वेळ, राहावे लागते. म्हणजे सहा वर्षांचे रविवार गाडीला मानवले नव्हते. हे वहिनींना सांगायचे कोणी? शेवटी उस्तादांनीच सांगितले, आणि फार चांगले सांगितले. "बाई, गाडी घरात बसून आजारी पडते. तिले गुरुवारी शेगावले नेत जा."

तेल बदलले, तापमानाचा आणि दाबाचा असे दोन काटे बसवले, आणि मे महिन्यात, भर दुपारी, बोथ्याच्या घाटाने बुलढाण्याला निघालो. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो, तेव्हा वेग काढण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, चढ चढलो. बाहेर झाडे अशी उभी होती की जणू त्यांनाही काटा लावावा. घाटमाथ्यावर तेल होते 108. उस्तादांचा निकाल: रस्त्यासाठी कूलरची गरज नाही. जूनमध्ये पुतण्या कोइमतूरला जाऊन आला. रात्री फोन आला, "काका, सहाव्या फेरीला 134. दाब चारवरून अडीचवर. मी लगेच आत घेतली." उस्तादांचा निकाल: आता घ्या.

आता निवड. मी काटकसरी माणूस. शेजाऱ्यांच्या जुन्या पल्सर 220 ला पुढे एक छोटा जाळीदार डबा आहे. 2007 साली ही गाडी आली तेव्हापासूनच तिला तेलाचा कूलर आहे, आणि तसला भंगारात चारशे रुपयांत मिळेल असे मी सुचवले. उस्तादांनी त्याच्या नळीच्या तोंडात करंगळी घालायचा प्रयत्न करून दाखवला. मोटारीचे सगळे तेल एवढ्या बारीक तोंडातून ढकलायचे म्हणजे दाब तिथेच खर्ची पडायचा, कूलर वाचायचा आणि इंजिन जायचे. पुतण्याची झेप दुसऱ्या टोकाला. त्याला पंचवीस नळ्यांचा हवा होता. पण एवढा मोठा कूलर तेलाला तापूच देत नाही, आणि न तापलेल्या तेलाची साय आम्ही नुकतीच पाहिली होती. अखेर तेरा नळ्यांचा ठरला, आणि फिल्टर व इंजिन यांच्यामध्ये बसणारी चकती थर्मोस्टॅटची घेतली. तेल ऐंशीच्या वर गेल्याशिवाय ती कूलरकडची वाट पुरती उघडत नाही. रबरी नळ्या तेलाच्याच, वरून तारेच्या विणीच्या. इथे मात्र मी काटकसर केली नाही. गरम तेलाची नळी फुटून एक्झॉस्टवर उडाली तर काय होते, ते पुतण्याने सांगितले होते आणि मी वहिनींना सांगितले नव्हते.

जागेचा प्रश्न करवतीपाशी अडला होता. रेडिएटरच्या पुढे ठेवावा तर तेलाची गरमी पाण्याच्या गळ्यात. बंपरच्या खालच्या झरोक्यामागे डावीकडे जागा होती, पण तिथे वारा नीट पोचेना. यावर तोडगा काढला तो घरगुती कूलर बनवणाऱ्या आमच्या पत्रेवाल्याने. त्याने मापे घेतली, पत्र्याचे नरसाळे कापून झरोक्यामागे बसवले, आणि मग चाकाच्या बाजूला वाकून बराच वेळ पाहत राहिला. "हवा आत येते थे झालं. पन निंगते कुठून? घरातल्या कूलरले खिडकी उघडी लागते का नाई?" आम्ही तिघे एकमेकांकडे पाहू लागलो. खिडक्या लावून कूलर चालवला तर खोलीत नुसता घाम धरतो, हे विदर्भातले पोरही जाणते. ते अभियंता पुतण्याला आणि मला सुचले नव्हते! चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाला मागून झडप काढली. बंपर शाबूत राहिला.

बसवण्याचे काम अंगणात. कूलर आणि नळ्या आधी धुऊन घेतल्या, कारण नव्या नळीत राहिलेला एक धातूचा कणही बेअरिंगला पुरे. कूलर रबराच्या गाद्यांवर, नळ्यांची तोंडे वर, म्हणजे आत हवा अडकू नये. जुना फिल्टर काढण्याचे सोपे काम माझ्याकडे दिले होते. ते मी ऐटीत पार पाडले. मग स्पार्क तोडून, दाबाचा काटा हलेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवला. सगळे ठीक. स्पार्क जोडून गाडी चालू केली, पुतण्याने किंचित रेस दिली, आणि गाडीखालून तेलाची धार लागली. फरशीवर क्षणात तळे.

दोष माझा होता. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनालाच चिकटून राहिले होते आणि नवी चकती त्यावर बसली होती. कड्यावर कडे टिकत नाही. उस्तादांनी ते नखाने ओढून काढले आणि काही न बोलता माझ्या हातात ठेवले. वहिनी राख घेऊन बाहेर आल्या, तेलावर पसरली, आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे तिकडे झालं असतं तर?" मला उत्तर देता आले नाही. पुतण्याने मात्र दिले, "म्हणूनच इथे करून पाहतो ना, आई." त्यानंतर आठ दिवस दर सकाळी तो गाडीखाली पांढरा कागद पसरून ठेवत असे. कागद कोरा राहिला. नळ्या-कूलरात मावलेले अर्धा लिटर तेल वर भरले.

सप्टेंबरमध्ये तो पुन्हा कोइमतूरला गेला. त्या दिवशी वहिनींनी फोन स्वयंपाकघरात आणून ठेवला होता. बारा फेऱ्या, तेल 114, दाब साडेतीनच्या खाली नाही. "आणि तू?" एवढेच त्यांनी विचारले.

गाडी आता खामगावातच असते. दर गुरुवारी मी वहिनींना शेगावला नेतो. त्या दर्शनाइतक्याच भाविकपणे तेलाचा काटा पाहतात आणि नव्वदला आला की मला सांगतात. टोपीखालची साय गेली आहे. परवा दिवाळीच्या आवराआवरीत घरातले कूलर रिकामे करून, वाळवून आम्ही माळ्यावर चढवले. वहिनींनी शिडी धरली होती. शेवटचा वर गेला तशा त्या अंगणाकडे पाहून म्हणाल्या, "भाऊजी, गाडीचा नाही का काढायचा? थंडी पडली की."

"त्याला थर्मोस्टॅट आहे, वहिनी. थंडीत तो आपोआप बंद राहतो."

त्यांनी क्षणभर विचार केला. "मग असला एक घरातही बसवा," म्हणाल्या, "दरवर्षी शिडी धरून माझे हात भरून येतात."